‘लास्ट ख्रिसमस’ वाजवताना काय चुकतं, आणि त्याला पहिला क्रमांक मिळायला ३६ वर्षं का लागली

‘लास्ट ख्रिसमस’ या नाताळच्या गाण्याबद्दल तीन प्रश्न पडतात. व्हॅम या ब्रिटिश पॉप जोडीच्या (जॉर्ज मायकल आणि अँड्र्यू रिजली) या १९८४च्या गाण्याला बॅलड म्हणायचं का? एवढं गाजलेलं गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या साप्ताहिक यादीत पहिलं यायला ३६ वर्षं का लागली? आणि नाताळच्या कार्यक्रमात की-बोर्ड, गिटार, ड्रम, दहा-बारा आवाज असा सगळा जामानिमा असूनही ते मूळ गाण्यासारखं का वाटत नाही? तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. हे गाणं एकाच वर्तुळात फिरत राहावं म्हणून बांधलेलं आहे. वाजवणारे ते वर्तुळ मोडतात म्हणून बिघडतं, आणि विक्रीच्या याद्यांना फिरणं मोजताच येत नव्हतं म्हणून ते इतकी वर्षं पहिलं आलं नाही.

बॅलडचं आधी उरकून घेऊ. पॉपमध्ये बॅलड म्हणजे संथ लयीतलं, मनातलं बोलणारं प्रेमगीत. आपल्या भावगीताचा लांबचा भाऊ म्हणा. ‘लास्ट ख्रिसमस’चे शब्द पक्के बॅलडचे आहेत: गेल्या नाताळात दिलेलं मन समोरच्याने दुसऱ्याच दिवशी देऊन टाकलं, यंदा ते कुणा खास माणसालाच द्यायचं. येशूजन्म नाही, गोठा नाही, सांताक्लॉजही नाही. नाताळ आहे तो सणाच्या नावात आणि गुंडाळून पाठवलेल्या भेटीत, बस. लय मात्र बॅलडची नाही. मिनिटाला साधारण १०८ ठोके म्हणजे पाय आपोआप हलेल असा वेग. रडवे शब्द आणि नाचरी लय यांच्यातली ही फट हेच गाण्याचं भांडवल. लय ७५ वर आणून, पियानोवर उसासे टाकत गायलेल्या आवृत्त्या बऱ्याच आहेत. त्यांतल्या बहुतेक मला फिक्या वाटतात, कारण दुःखावर पुन्हा दुःखच ओतलेलं असतं.

आता मूळ ध्वनिमुद्रण. जॉर्ज मायकलने हे गाणं १९८४च्या सुरुवातीला आई-वडिलांच्या घरी रचलं आणि ऑगस्टमध्ये लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत मुद्रित केलं. ऐन उन्हाळा, म्हणून स्टुडिओत नाताळची सजावट टांगली होती. व्हॅम ही जोडी असली तरी या गाण्यात अँड्र्यू रिजलीचं वादन नाही. सगळं जॉर्जने एकट्याने केलं: रोलँड जूनो-६० सिंथेसायझर, लिनड्रम हे ताल-यंत्र आणि हातातली घुंगरं. ध्वनिमुद्रक ख्रिस पोर्टर यांनी नंतर सांगितलं आहे की जॉर्ज की-बोर्ड दोन-तीन बोटांनीच वाजवत होता, त्यामुळे काम फार हळू चाललं. ही गंमत म्हणून सोडून देऊ नका. दोन-तीन बोटांनी वाजवलेलं असल्यामुळेच त्यात जागा मोकळी आहे, आणि तुमचा दहा बोटांचा कसलेला की-बोर्डवाला नेमकी तीच जागा भरून टाकतो.

गाणं डी मेजरमध्ये आहे, म्हणजे सा पांढरी दोन. पूर्ण गाण्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) चारच: डी, बी मायनर, ई मायनर, ए. प्रत्येक कॉर्ड दोन बार, म्हणजे आठ मात्रा. तबलजीला ‘केरव्याच्या एका आवर्तनाला एक कॉर्ड’ एवढं सांगितलं की पुरे. चार कॉर्ड मिळून आठ बार, ३२ मात्रा. १०८च्या लयीत ही फेरी पावणेअठरा सेकंदांत पुरी होते, आणि साडेचार मिनिटांच्या आतबाहेरच्या त्या गाण्यात अशा जेमतेम १५ फेऱ्या बसतात. ध्रुवपद याच चार कॉर्डांवर, अंतरा याच चार कॉर्डांवर, मधलं संगीतही याच चार कॉर्डांवर. अंतऱ्याला वेगळे कॉर्ड शोधत बसू नका. काही नवखे तिथे जी किंवा एफ शार्प मायनर घालतात आणि मग ‘काहीतरी वेगळंच वाटतंय’ म्हणतात. वाटणारच.

उजव्या हाताची ठेवण अशी. डीला खालून वर ए, डी, एफ शार्प, म्हणजे मंद्र प, सा, ग. बी मायनरला फक्त खालचं बोट सरकतं: मंद्र ध, सा, ग. ई मायनरला ते बोट तिथेच राहतं आणि वरची दोन चढतात: मंद्र ध, रे, म. एला तिन्ही उतरतात: मंद्र प, मंद्र नी, रे. तिथून परत डीला जाताना खालचं बोट जागेवर आणि वरची दोन चढतात. पूर्ण फेरीत हात एका सप्तकाच्याही आतच राहतो. प्रत्येक कॉर्ड मूळ स्वरापासून रचून हात वरखाली उड्या मारू लागला, की कॉर्ड बरोबर असूनही गाणं धक्के खातं. डाव्या हाताला एकच स्वर: डी, बी, ई, ए. त्यात पंचम भरू नका, खालचा भाग चिखल होतो.

पहिला शब्द नीट ऐका. ध्रुवपदाची सुरुवात सा वर होत नाही, रे वर होते. खाली डी कॉर्डचे सा-ग-प वाजत असतात आणि आवाज वर रे धरून उभा राहतो; मग रे, सा आणि तिथून खाली मंद्र पंचम. पुढच्या तुकड्यात पुन्हा रे-रे-ग-सा. तो पहिला रे सा ला घासतो. ‘टोचणारं काहीतरी’ म्हणून जे जाणवतं ते हे घासणं. समूहगायनात हमखास इथेच बिघडतं: दोन-चार जण नकळत रे चा सा करतात, कारण कानात सा जोरात वाजत असतो. उपाय सोपा आहे. सरावात की-बोर्ड बंद ठेवा, तंबोऱ्यावर किंवा मोबाईलच्या तानपुऱ्यावर सा-प लावा आणि सगळ्यांकडून ‘रे रे सा प़’ हा तुकडा वीसेक वेळा म्हणून घ्या. मग कॉर्ड सुरू करा. ध्रुवपदाच्या पहिल्या फेरीला सगळ्यांनी एकाच स्वरात गावं. जोडस्वर लावायचा तर दुसऱ्या फेरीपासून, आणि तोही दोनच आवाजांनी.

सिंथचा नाद. जूनो-६० एका वेळी सहा स्वर वाजवतो, आणि त्याच्या पट्ट्यांना दाबाची जाण नाही: हळू मारा की जोरात, आवाज तेवढाच. म्हणून तुमच्या की-बोर्डवर टच रिस्पॉन्स बंद करा. एवढ्यानेच निम्मं काम होतं, कारण जोरात पडलेला एखादा कॉर्ड त्या सपाट, गुळगुळीत पार्श्वभूमीला भोक पाडतो. टोन निवडताना ‘सिंथ पॅड’ किंवा ‘सिंथ स्ट्रिंग्ज’ घ्या. पियानो नको, खऱ्या व्हायोलिनसारखे स्ट्रिंग्जही नकोत. घडण हाताने करता येत असेल तर सॉटूथ लहर, फिल्टर साधारण अर्धा मिटलेला, वर कोरस. जूनोचा तो लोण्यासारखा पसरट आवाज मुख्यतः त्याच्या अंगच्या कोरसमुळे येतो, तेव्हा रिव्हर्ब वाढवण्याआधी कोरस लावा. रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर आवाज रेंगाळतो तो वेळ, अर्ध्या सेकंदाच्या आसपास ठेवा. जास्त ठेवलात तर बी मायनरचा सा ई मायनरच्या रे वर सांडतो आणि गढूळ वाटतं.

गिटार मूळ गाण्याच्या पायात नाही. घ्यायचीच असेल तर बी मायनरसाठी एका बोटाने सगळ्या तारा आडव्या न दाबता बी मायनर सेव्हन धरा: ए तारेवर दुसरा फ्रेट, डी मोकळी, जी वर दुसरा, बी मोकळी, पातळ ई वर दुसरा, जाड ई वाजवायची नाही. हात मोकळा राहतो आणि स्वर मऊ येतो. स्ट्रमिंग मात्र आवरा.

ताल. लिनड्रममध्ये खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज चिप्सवर भरलेले असतात. टाळ्या आहेत, टॅम्बरिन आहे, काउबेल आहे. घुंगरं मात्र नाहीत. म्हणून ती हाताने वाजवावी लागली, आणि साऱ्या यंत्रांच्या मध्ये माणसाच्या हाताचा तेवढाच एक ताल राहिला. बर्फात घसरगाडी आवाज न करता येते, तेव्हा रस्त्यावरच्यांना कळावं म्हणून घोड्याच्या साजाला घुंगरं बांधत. आपल्याकडे बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ असते, तीच जात. म्हणजे महागडं वाद्य मागवायची गरज नाही. कथकची पितळी घुंगरं चालतील, एका पट्टीला २५ ते ५० पुरतात. मुठीत नुसती खुळखुळवली की आवाज पसरतो आणि ठोका हरवतो. पट्टी एका हातात उभी लोंबती धरा आणि त्या मुठीवर दुसऱ्या हाताच्या मुठीने हलकेच मारा. एका मात्रेला दोन ठोके, न थांबता. माइक फूटभर लांब. मिक्सरवर खालचा भाग ४०० हर्ट्झपर्यंत कापून टाका. आवाजाची पातळी अशी की घुंगरं बंद केल्यावरच ती होती हे कळावं. लेझीम वापरू नका, तिची झांज या नाजूक सिंथला खाऊन टाकते.

ड्रमवाल्याला सूचना: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर किंवा टाळी, आणि फेरीच्या शेवटी रोल नाही. खरं सांगायचं तर रोल न मारणं हेच या गाण्यातलं सर्वात अवघड काम आहे. दर आठ बारांनी हात शिवशिवतो. कानात क्लिक (लय दाखवणारी टिकटिक) नसेल तर तिसऱ्या ध्रुवपदापर्यंत लय ११५कडे पळते आणि अंतऱ्याचे शब्द तोंडात मावेनासे होतात. अंतऱ्यात शब्द दाट आहेत, म्हणून सराव अंतऱ्याच्या वेगाने करा, ध्रुवपदाच्या नाही.

गायकाने श्वास लपवू नये. मूळ गाण्यात आवाज माइकच्या अगदी जवळ, कुजबुजीच्या सीमेवर आहे, श्वास मुद्दाम राखलेले आहेत. चार फुटांवरून छाती भरून गायलं की तक्रारीचं भाषण होतं. पट्टी बदलायची असेल तर दोन जागा तपासा: पहिल्या ओळीतला मंद्र पंचम ऐकू येतो का, आणि अंतऱ्यातली चढती जागा ओरडावी न लागता मिळते का. दोन्ही जमतील तो सा धरा आणि की-बोर्डचा ट्रान्सपोज वापरा; बोटांची वरची ठेवण बदलू नका.

रंगमंचासाठी ११ फेऱ्या पुरतात: सुरुवातीच्या संगीताला एक, मग ध्रुवपद, अंतरा, ध्रुवपद, अंतरा, ध्रुवपद अशा प्रत्येकी दोन. सव्वातीन मिनिटांत गाणं संपतं. पण संपतं कसं, हे आधी ठरवा. मूळ ध्वनिमुद्रिका हळूहळू विरत जाते, आणि स्टेजवर विरता येत नसल्यामुळे शेवटी सगळे एकमेकांकडे बघत राहतात. शेवटच्या फेरीतले ई मायनर आणि ए पुन्हा एकदा घ्या, ए वर ताल थांबवा, आणि डीवर फक्त सिंथ सोडा. त्या डीवर कुणीही रे धरायचा नाही.

आता स्वागताची गोष्ट. १९८४मध्ये जॉर्ज मायकलचे तीन पहिले क्रमांक होऊन गेले होते: व्हॅमची दोन गाणी आणि स्वतःच्या नावावरचं ‘केअरलेस व्हिस्पर’. डिसेंबरमध्ये ‘लास्ट ख्रिसमस’ बाजारात आलं, जोडीला ‘एव्हरीथिंग शी वाँट्स’. चौथा पहिला क्रमांक हातात होता, पण समोर उभं राहिलं इथिओपियाच्या दुष्काळासाठी काढलेलं ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’. २५ नोव्हेंबरला एका दिवसात मुद्रित झालेल्या बँड एड या गायकांच्या समूहाच्या त्या गाण्यात खुद्द जॉर्जही गायला आहे. म्हणजे गडी स्वतःच्याच आवाजाकडून हरला. ‘लास्ट ख्रिसमस’ पाच आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिलं, त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या, आणि जॉर्ज व अँड्र्यूने त्याचं मानधनही इथिओपियाकडेच वळवलं. पुढे कित्येक वर्षं ‘पहिलं न आलेलं सर्वाधिक खपाचं ब्रिटिश सिंगल’ (सिंगल म्हणजे सुटं विकलेलं गाणं) अशी त्याची ओळख होती.

स्वित्झर्लंडच्या सास-फे गावात त्या नोव्हेंबरात चित्रित झालेल्या व्हिडिओचा वाटा इथे मोठा आहे. शब्दांत जे दृश्य नाही, ते सगळं व्हिडिओने पुरवलं: बर्फ, लाकडी घर, मित्रांचं जेवण. आणि एक ब्रोच. गेल्या नाताळात नायकाने मुलीला दिलेला ब्रोच पुन्हा दिसतो तेव्हा तो तिच्या नव्या मित्राच्या, म्हणजे अँड्र्यूच्या कपड्यांवर आहे. ‘दुसऱ्याच दिवशी देऊन टाकलंस’ ही ओळ कॅमेऱ्याने त्या एवढ्याशा दागिन्यात बसवली आहे.

याच काळात खटलाही झाला. अमेरिकन गायक बॅरी मॅनिलोने गाजवलेल्या ‘कान्ट स्माइल विदाउट यू’च्या प्रकाशकांनी चाल उचलल्याचा दावा केला. पोर्टर यांच्या सांगण्यानुसार, एका संगीततज्ज्ञाने गेल्या शतकातली साठाहून अधिक अशीच कॉर्डमाला आणि चाल असलेली गाणी पुढे ठेवली आणि दावा निकालात निघाला. पहिला, सहावा, दुसरा, पाचवा हा कॉर्डांचा क्रम सार्वजनिक विहिरीसारखा आहे, पाणी कोणीही शेंदावं. तुमच्या गटाने याच कॉर्डांवर स्वतःचं मराठी नाताळगीत रचलं तर कोणी अडवणार नाही. मूळ शब्दांचा मराठी अनुवाद करून व्हिडिओ टाकायचा असेल तर मात्र हक्कधारकांची परवानगी लागते.

३६ वर्षांचं कारण मोजणीत आहे. १९८४ची यादी विक्री मोजत होती. घरात तबकडी आली की काम संपलं. तुम्ही ती पुढची वीस वर्षं दर डिसेंबरात लावलीत तरी यादीला पत्ता नाही. २००७पासून दुकानात प्रत नसलेल्या जुन्या गाण्यांचे डाउनलोडही धरू लागले आणि हे गाणं दर हिवाळ्यात यादीत डोकावू लागलं. जुलै २०१४पासून स्ट्रीमिंग मोजलं जाऊ लागलं, आणि तिथे खरा फरक पडला: आता प्रत्येक ऐकणं हे मत झालं. तरी जुन्या गाण्यांना हात बांधूनच खेळावं लागतं. नव्या गाण्याची पैसे भरून ऐकलेली १०० श्रवणं म्हणजे एक विक्री. जुन्याला त्यासाठी २०० लागतात. फुकट ऐकणाऱ्यांची नव्याला ६००, जुन्याला १,२००. डिसेंबर २०२०च्या शेवटच्या आठवड्यात ‘लास्ट ख्रिसमस’ ब्रिटनमध्ये ९२ लाख वेळा ऐकलं गेलं. सगळे पैसे भरणारे श्रोते धरले तरी ४६,००० विक्रीच्या वर ते जात नाही. तेवढ्यावर ते १ जानेवारी २०२१च्या यादीत पहिलं आलं.

तारखेतली मेख पाहा. यादीचा आठवडा शुक्रवार ते गुरुवार असतो. १ जानेवारीची यादी २५ ते ३१ डिसेंबरची. नाताळचा मानाचा पहिला क्रमांक त्याआधीच्या आठवड्याचा असतो, आणि तो २०२०मध्ये लॅडबेबीच्या धर्मादाय गाण्याने नेला होता. म्हणजे पहिला क्रमांक मिळाला तोही नाताळ उलटल्यावर. मानाचा क्रमांक आला २०२३मध्ये, आणि लगेच २०२४मध्ये पुन्हा. सलग दोन नाताळ पहिलं राहिलेलं हे पहिलंच गाणं. क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ दोनदा आलं होतं, पण १९७५ आणि १९९१ असं. जॉर्ज मायकलने यातलं काहीच पाहिलं नाही. तो गेला २५ डिसेंबर २०१६ला.

अमेरिकेतली अडचण निराळी होती. तिथे ते विक्रीचं सिंगल म्हणून काढलंच नव्हतं, आणि डिसेंबर १९९८पर्यंत सिंगल नसलेल्या गाण्याला बिलबोर्डच्या हॉट १०० यादीत प्रवेशच नव्हता. मराया कॅरीच्या १९९४च्या नाताळगीताचंही हेच झालं; ते पहिलं आलं डिसेंबर २०१९मध्ये.

वसई किंवा गोव्याच्या गटांसाठी एक सांगायचं राहिलं: मिस्सेत (चर्चमधल्या प्रार्थनाविधीत) हे गाऊ नका. हे कॅरल नाही, यात भक्तीचा शब्द नाही. मिस्सा आटोपल्यावर, आवारात चांदणीचे कंदील लागलेले असताना, कुस्वारच्या (नाताळच्या फराळाच्या) ताटांभोवती ते शोभतं. आणि प्रेक्षकांत परदेशातून सुट्टीला आलेली तरुण मंडळी असतील तर आधी विचारून घ्या. ‘व्हॅमागेडन’ नावाचा खेळ आहे: १ डिसेंबरपासून २४ डिसेंबर संपेपर्यंत हे गाणं कानावर पडू द्यायचं नाही, पडलं की बाद. २०२३च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या नॉर्थहॅम्प्टनच्या फुटबॉल मैदानावर ते ध्वनिक्षेपकावर लागलं आणि ७,०००हून अधिक लोक एका झटक्यात बाद होण्याची वेळ आली. तुमच्या वादनाने मात्र कोणी बाद होणार नाही. खेळाच्या नियमात फक्त व्हॅमचं मूळ ध्वनिमुद्रण मोजतात.